नाताळचं जेवण, आणि स्वयंपाकघरातल्या बाईनेही सगळ्यांबरोबर बसायचं

२५ डिसेंबरला सकाळी गॅसवर फक्त फुग्यांची (म्हणजे आमच्या मैद्याच्या, तळलेल्या गोल फुगीर पावांची) कढई असावी, बाकी काही नको, हे माझं अगदी ठाम मत आहे. लहानपणापासून बघत आलेय, घर पाहुण्यांनी भरलेलं, सगळे नवीन कपडे घालून हॉलमध्ये गप्पा मारतायत, पोरं नाताळच्या देखाव्याच्या गोठ्यातली मेंढरं इकडची तिकडे करतायत आणि मम्मी, आत्या, काकू मात्र आत घामाघूम, कोणाला पाणी दे, कोणाला अजून भात वाढ, आणि त्या जेवायला बसायच्या तेव्हा चार वाजून गेलेले असायचे. मला याचं लहानपणीही वाईट वाटायचं आणि आता घर माझ्या हातात आलंय तर मी ते बदललंय. आणि गंमत म्हणजे त्यासाठी नवीन काही शिकावं लागलं नाही, आमचं जेवणच मुळात आधी करून ठेवायचं जेवण आहे.

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या गावठाणांमधले मूळचे कॅथलिक. घरात मराठीच बोलतो (आमची जरा वेगळ्या वळणाची मराठी), नऊवारी लुगडं नेसणाऱ्या आज्या आमच्याकडेही होत्या. हे नाव आमच्या लोकांनी १८८७ साली घेतलं, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी, गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिश्चनांपेक्षा आपण इथलेच आहोत हे इंग्रज सरकारला कळावं म्हणून. जेवण त्याच्या कितीतरी आधीचं. वसईला पोर्तुगीज १५३४ ला आले आणि १७३९ ला चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला तेव्हा गेले, तेवढ्या दोनशे वर्षांत व्हिनेगरमध्ये मुरवलेलं डुकराचं मटण आमच्या घरात कायमचं राहिलं, पण त्यात मसाला पडला तो आमचा आणि नारळही आमचाच.

मसाला म्हणजे बॉटल मसाला, त्यामुळे खरं तर नाताळच्या जेवणाची तयारी मे महिन्यात सुरू होते. काश्मिरी मिरची, धणे, हळद, जिरं, तीळ, खसखस, मोहरी, मिरी, दालचिनी, लवंग, नागकेशर, दगडफूल, शिवाय थोडे गहू आणि चणे, प्रत्येक घराची यादी वेगळी आणि कोणी पूर्ण सांगत नाही. कडक उन्हात वाळवायचं, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, मग कांडायचा. पूर्वी गावठणात मसाला कांडणाऱ्या बायका घरोघरी यायच्या, उखळात दोघी-तिघी आळीपाळीने मुसळ टाकायच्या, एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली, आणि पूर्ण गल्लीला शिंका. मसाला भरायचा बियरच्या तपकिरी बाटल्यांमध्ये, काठीने दाबून दाबून, म्हणजे आत हवा राहत नाही आणि काचेच्या रंगामुळे उजेड लागत नाही, रंग वर्षभर तसाच लालभडक राहतो. आता आम्ही गिरणीतून करून आणतो पण भाजणं घरीच, ते मी कोणावर सोडत नाही.

आता मुख्य गोष्ट, सोरपोतेल, म्हणजे पोर्क आणि कलेजीचा आंबट-तिखट रस्सा. हे मी २१ किंवा २२ तारखेला करते. ज्याच्या-त्याच्या घरची पद्धत वेगळी पण मी करते ते सांगते. दोन किलो पोर्क चरबीसकट, अर्धा किलो कलेजी आणि एक दिल. सगळं आधी मोठ्या तुकड्यांमध्ये मीठ घालून अर्धवट उकडायचं, कलेजी वेगळी आणि कमी वेळ, नाहीतर ती कडक होते. उकडून थंड झालं की मग बारीक चिरायचं, वाटाण्याएवढं, थोडं मोठं चालेल पण सगळे तुकडे सारखे. हे चिरणं हाच खरा वेळखाऊ भाग, आमच्याकडे या कामाला सगळे बसतात, नवरा, दीर, कॉलेजला जाणारा भाचा, प्रत्येकाला एक पाट आणि एक सुरी, पंख्याखाली बसून गाणी लावून. कच्चं मटण इतकं बारीक चिरताच येत नाही, सुरीखाली सरकतं, उकडलं की घट्ट होतं म्हणून आधी उकडायचं. मग टोपात आधी चरबीचे तुकडे टाकायचे, ते स्वतःचं तेल सोडतात, त्यातच बाकीचं थोडं थोडं करून परतायचं, वरून तेल घालायची गरजच नाही. मसाला म्हणजे तीसेक काश्मिरी मिरच्या, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, हळद, दोन गड्डे लसूण, आलं, हे सगळं व्हिनेगरमध्ये वाटायचं, पाण्याचा थेंब नाही. व्हिनेगर शक्यतो माडीचं (नारळाच्या झाडाच्या ताडीचं), वसईकडून कोणी येणार असेल तर मी आधीच सांगून ठेवते. बाटलीतलं साधं पांढरं व्हिनेगर नुसतं झोंबतं, माडीच्या व्हिनेगरला आंबटपणाच्या मागे थोडी गोडी असते.

पहिल्या दिवशी चाखलं तर तुम्हाला वाटेल काय हे, मसाला एकीकडे, आंबट एकीकडे, मटण तिसरीकडे. चाखूच नका. रोज एकदा नीट गरम करायचं, पूर्ण उकळी आणायची, थंड झालं की फ्रीजमध्ये. तिसऱ्या दिवसापर्यंत रस्सा गडद होतो, चरबी लाल होऊन वर येते आणि ढवळताना येणारा वास बदलतो, नुसता व्हिनेगरचा झणका जातो. आजीकडे फ्रीज नव्हता, व्हिनेगर आणि रोजची उकळी एवढ्यावरच सोरपोतेल टिकायचं, त्यामुळे ती आधी करायची ती सोय म्हणून आणि तेच चवीलाही बरोबर होतं. मग फ्रीज आला आणि कसं कोण जाणे सगळं "ताजं ताजं" २५ तारखेला करायची पद्धत घराघरात पडली. ताजं सोरपोतेल कोणाला हवंय?

इंद्याल २३ ला. तोही व्हिनेगरचाच, पण मटणाचे मोठे तुकडे आणि रस्सा घट्ट. चिकनचा करा, पोर्कचा करा, एक रात्र मसाल्यात मुरवला की काम झालं.

बदकाची मोईली २४ ला सकाळी. बदक आधी सांगून ठेवावं लागतं, आदल्या दिवशी मार्केटमध्ये गेलात तर मिळत नाही, आणि घरी आणल्यावर त्याची बारीक लव निघालीय ना ते नीट बघा, राहिली असेल तर गॅसच्या ज्योतीवर फिरवून घ्या. भरपूर कांदा उभा चिरलेला, हिरव्या मिरच्या चिरून, आल्याचे लांब काप, लसूण, दोन मोठे चमचे बॉटल मसाला, बदकाचे तुकडे घालून परतायचं आणि मग मंद आचेवर झाकण ठेवून शिजू द्यायचं, शेवटी बटाटे आणि व्हिनेगर. बटाटे शिजल्याशिवाय व्हिनेगर घालू नका, आंबटात बटाटा लवकर शिजत नाही. कोंबडीच्या दुप्पट वेळ धरा, बदक घाई केली की चिवट राहतं.

भात, सॅलड वगैरे दुसऱ्या कोणाला तरी वाटून द्या. खरंच द्या. जो विचारतो "काही आणू का" त्याला "नको नको, या तुम्ही" असं म्हणायची आपल्याला फार सवय आहे, मी सरळ सांगते मटार पुलाव आण दहा जणांचा.

२४ ला रात्री चर्चमध्ये मिस्सा (प्रार्थना), घरी येऊन केक आणि वाइन, आणि झोप. झोप महत्त्वाची.

आणि मग २५ ला फुग्या, त्या मात्र गरमच पाहिजेत. एक किलो मैदा, चार अंडी, एका नारळाचं दाट दूध, वाटीभर साखर, मीठ, थोडं तूप, आणि यीस्ट. पूर्वी यीस्टच्या जागी ताडी असायची, पहाटेची, ती मिळाली तर नक्की वापरा. पीठ चपातीसारखं घट्ट नको आणि भज्यांसारखं पातळ नको, हाताने उचललं तर जड लोंबलं पाहिजे, लागेल तसं कोमट पाणी. आणि ते मळायचं नाही तर फेटायचं, पंजा खाली घालून वर ओढायचं, पुन्हा पुन्हा, टोपाला फट् फट् आवाज यायला लागेपर्यंत. डिसेंबरच्या सकाळी पीठ फुगायला वेळ घेतं, म्हणून मी उठल्या उठल्या भिजवते आणि जाड टॉवेलात गुंडाळून ठेवते, बारापर्यंत दुप्पट होतं.

तळताना डावा हात ओला करायचा, मूठभर पीठ घ्यायचं आणि मूठ आवळली की अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा वर येतो, लिंबाएवढा झाला की उजव्या हाताच्या ओल्या बोटांनी तो तोडून तेलात. तेल मध्यम, फार तापलं तर बाहेरून तपकिरी आणि आत कच्चं. गोळा आधी तळाला जातो, मग वर येऊन फुगतो, झाऱ्याने सतत फिरवत राहायचं म्हणजे सगळीकडून सारखा रंग येतो. माझी दहावीतली मुलगी आता हे माझ्यापेक्षा गोल करते, आणि गेल्या वर्षीपासून मुलालाही कढईजवळ उभं केलंय, तो झारा सांभाळतो. मुलगे फक्त स्टार लटकवणार आणि मुली तळणार हे माझ्या घरात चालणार नाही.

शेवटचा घाणा निघाला की गॅस बंद. सगळे टोप टेबलावर, पंक्ती नाहीत, कोणी कोणाला वाढत नाही, ज्याने-त्याने घ्यायचं. आत्या अजूनही सवयीने उठायला बघते, "मी जरा रस्सा गरम करते", मी तिला हाताला धरून बसवते आणि तिच्या ताटात पहिल्यांदा बदकाची तंगडी ठेवते.

दोन गोष्टी राहिल्या. सोरपोतेल सगळं वाढू नका, एक डबा बाजूला काढा, २६ ला सकाळी उरलेली फुगी मधून फोडून तव्यावर भाजायची आणि त्यात भरून खायचं. आणि दिवाळीत ज्या शेजाऱ्यांकडून फराळाचं ताट आलं होतं त्यांच्याकडे कलकल, नेवऱ्या आणि मिल्क क्रीम या आमच्या नाताळच्या गोडाचा डबा २४ लाच पोचता करा. आमच्या समोरच्या काकू शाकाहारी आहेत, अंडंही खात नाहीत, त्यांच्यासाठी कलकल मी बिनअंड्याचे आणि वेगळ्या तेलात तळते, मैदा, नारळाचं दूध आणि तूप एवढ्यावर मस्त खुसखुशीत होतात.