जिन्यातला मोशन सेन्सर: त्याला काय दिसतं, काय दिसत नाही

दुकानात सेन्सर मागितला की काउंटरवर तीन-चार डबे येतात आणि सगळ्यांवर जवळपास तेच छापलेलं असतं: रेंज १२ मीटर, वेळ १० सेकंद ते ७ मिनिटं, लोड १२०० वॅट. हे १२ मीटर खोटे नसतात, पण त्यात एक मेख असते. माणूस सेन्सरच्या समोरून आडवा गेला तरच ते मिळतात. तोच माणूस सेन्सरकडे नाकासमोर चालत आला तर अगदी तीन-चार मीटरवर येईपर्यंत दिवा ढिम्म हलत नाही. ‘सेन्सर बोगस निघाला’ अशा तक्रारींची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते.

घरगुती सेन्सर बहुतेक पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) जातीचे. हा स्वतः काहीही सोडत नाही, अंगातून निघणारी उष्णता तेवढी टिपतो. आत शेजारी शेजारी दोन बारीक पट्ट्या असतात. दोन्हींवर सारखीच ऊब पडली तर त्या एकमेकींना रद्द करतात. पुढची दुधी, खाचाखाचांची लेन्स समोरच्या जागेचे जपानी पंख्यासारखे फाकलेले पट्टे पाडते. एका पट्ट्यातून दुसऱ्यात कुणी गेलं की आतल्या त्या दोन बारीक पट्ट्यांचा तोल बिघडतो आणि आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, ‘टक्’ करून ओढला जातो. सरळ येणारा माणूस बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतो, म्हणून तो उशिरा दिसतो.

एवढं कळलं की जागा ठरवणं सोपं जातं. लांब पॅसेजच्या टोकाच्या भिंतीवर, दाराकडे तोंड करून सेन्सर लावणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. तो मध्यावर छताला लावा, नाहीतर बाजूच्या भिंतीवर. जिन्यात मधल्या लँडिंगच्या छतावर ३६० अंशांचा बसवला की चढणारा आणि उतरणारा दोघेही त्याच्या पट्ट्यांना छेद देतात. भिंतीवरचा सेन्सर ६ ते ८ फूट उंचीवर, छतावरचा ८ ते १२ फुटांवर. पार्किंगची उंची जास्त असेल तर बीमच्या खालच्या अंगाला घ्या. फाटकापाशी लावणार असाल तर तोंड रस्त्याकडे करू नका, नाहीतर रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला सलामी मिळेल. रस्ता टाळता येतच नसेल तर लेन्सच्या तेवढ्या भागावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा. काही डब्यांत यासाठी प्लॅस्टिकचं झाकण येतं, ते फेकू नका.

काच आपल्या डोळ्यांना पारदर्शक असते, या सेन्सरला ती भिंत असते. शॉवरच्या काचेच्या पार्टिशनमागे उभा असलेला माणूस त्याला दिसत नाही; साबण डोळ्यांत आणि वर अंधार. कमोडवर स्वस्थ पेपर वाचत बसलेल्याचंही तेच. बाथरूममध्ये सेन्सर लावायचाच असेल तर वेळ कमाल ठेवा, शक्यतो १० मिनिटं देणारा बघा. उन्हाळ्यात आणखी एक गंमत होते. त्वचेचं तापमान साधारण ३३-३४ अंश. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात रात्री आठलाही भिंती तेवढ्याच तापलेल्या असतात. माणूस आणि भिंत यांत फरकच उरत नाही, मग रेंज चांगलीच घटते. जूनमध्ये पाऊस पडला की सेन्सर ‘आपोआप दुरुस्त’ होतो.

दुसरी जात मायक्रोवेव्हची, काही डब्यांवर तिला रडार म्हणतात. हा ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरीतला बदल बघतो. त्याला उन्हाळा-हिवाळा सारखाच, सरळ येणारा माणूस तर उलट जास्त चांगला दिसतो. पण तो काच, प्लायवुड, पातळ विटांची भिंत यांच्या आरपारही बघतो. शेजारच्या फ्लॅटमधलं कुणी पाणी प्यायला उठलं की तुमच्या पॅसेजमध्ये दिवा. छताचा पंखा चालू असेल तर तो दिवा विझूच देत नाही. म्हणून बेडरूम आणि हॉलमध्ये हा नको. बंद जिना, बेसमेंट, काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या बंद शेडमधला दिवा इथे मात्र हाच हवा. शेड धातूची असेल तर तिथे याचीही डाळ शिजत नाही.

भाड्याचं घर असेल, भिंतीला हात लावायचा नसेल, तर होल्डरमध्ये बसणारा सेन्सर बल्ब घ्या. घेताना आत पीआयआर आहे की रडार ते विचारा, कारण पीआयआरचा बल्ब काचेच्या शेडमध्ये घातला की आंधळा.

आता वायरिंग. चांगल्या सेन्सरला तीन वायरी असतात. बहुतेकांत चॉकलेटी म्हणजे फेज, निळी म्हणजे न्यूट्रल आणि लाल म्हणजे दिव्याकडे जाणारा फेज. तरी डब्यावरचं चित्र बघितल्याशिवाय जोडू नका. दिव्याचा न्यूट्रल थेट, अर्थ असेल तर दिव्याच्या बॉडीला. जुन्या घरांत लाल वायर फेजची आणि काळी न्यूट्रलची असते, त्यामुळे सेन्सरची लाल आणि घराची लाल एकमेकींना जोडण्याचा मोह होतो. तसं केलं की दिवा कायम चालू राहतो. मेन एमसीबी पाडा, टेस्टरने खात्री करा, दिव्याच्या लाइनला १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पुरेशी आहे. जोड पिळून टेप गुंडाळण्यापेक्षा कनेक्टरमध्ये घ्या.

गाडी अडते ती न्यूट्रलपाशी. स्विच बोर्डमध्ये सॉकेट असेल तर तिथे न्यूट्रल मिळतो. नुसते स्विच असतील तर बऱ्याचदा फक्त फेज येऊन जातो. अशा वेळी वायरमन दोन वायरींचा सेन्सर सुचवतो. तो स्वतःला लागणारा करंट दिव्यातूनच खेचतो, आणि ९ वॅटचा एलईडी एवढ्याशा करंटवरही मिणमिणतो किंवा लुकलुकतो. त्यापेक्षा सेन्सर छतावर, दिव्याच्या होल्डरपाशीच बसवा, तिथे फेज आणि न्यूट्रल दोन्ही असतात. बोर्डातला जुना स्विच मग सेन्सरचा मेन स्विच होतो. तीन वायरींचा सेन्सर लावूनही एलईडी बंद असताना मंद चमकत असेल, तर आधी स्विच न्यूट्रलमध्ये घातलेला नाही ना ते तपासा.

सोबत एक बायपास स्विच जरूर घ्या. सेन्सरच्या फेजवरूनच एक वायर स्विचमधून थेट लाल वायरीला जोडायची. सणावारी, पाहुणे आले, सिलिंडर वर न्यायचा आहे, तेव्हा स्विच दाबला की दिवा कायम चालू.

सोसायटीच्या जिन्यात दोन सेन्सरवर एकच दिवा चालवायचा असेल तर रिलेवाले दोन्ही सेन्सर समांतर जोडता येतात. पण दोघांचा फेज एकच, एमसीबी एकच हवा. मोठ्या इमारतींत मजल्यामजल्यांवर वेगवेगळे फेज (आर, वाय, बी) वाटलेले असतात. पहिल्या मजल्याचा आर आणि दुसऱ्याचा वाय असे दोन फेज लाल वायरीवर एकत्र आले तर ४१५ व्होल्टचा थेट शॉर्ट. दोन्ही जागचे फेज मल्टीमीटरने एकमेकांत मोजा: एकच फेज असेल तर जवळजवळ शून्य दाखवेल. हे काम हौशी माणसाने करायचं नाही, लायसन्सवाल्या वायरमनलाच द्या.

लोडच्या आकड्याने फसू नका. १२०० वॅट हे पिवळ्या बल्बसाठी असतं. एलईडीसाठी खाली बारीक अक्षरांत २०० किंवा ३०० असतं. एलईडीच्या ड्रायव्हरमधला कपॅसिटर चालू होताना क्षणभर जबरदस्त करंट खेचतो आणि रिलेचे पॉइंट चिकटतात. दिवा मग विझायचं नावच घेत नाही. पार्किंगमधल्या दहा-बारा ट्यूबा एका सेन्सरवर टाकायच्या असतील तर मध्ये काँटॅक्टर, म्हणजे जास्त लोड झेलणारा मोठा रिले, घाला.

बसवून झाल्यावर वेळेचा खटका किमानवर, लक्सचा (किती अंधार झाल्यावर दिवा लागायचा ते ठरवणारा) सूर्याच्या चित्रावर ठेवून दिवसाच चालून बघा. सुरुवातीची ३० सेकंद ते मिनिटभर सेन्सर जुळवून घेत असतो, तेवढा वेळ दिवा लागलेला राहतो. ते बिघाडाचं लक्षण नाही. वीज गेली, इन्व्हर्टरवर आली, परत लाइनवर गेली, की दर वेळी हेच होऊ शकतं. चाचणी झाली की लक्स संध्याकाळी पुरेसा अंधार झाल्यावर सेट करा. वेळ जिन्यात दोन मिनिटं, पार्किंगमध्ये तीन. दिव्याचा उजेड थेट सेन्सरवर पडू देऊ नका. काही सेन्सरना त्यामुळे दिवस उजाडल्यासारखं वाटतं, आणि तुम्ही हलत असतानाही दिवा विझतो.

पैशाचं गणित थोडं थंड डोक्याने करा. रात्रभर १२ तास जळणारा ९ वॅटचा दिवा वर्षाला सुमारे ३९ युनिट घेतो. सेन्सरने तो रोज दोन तासांवर आणला आणि सेन्सर स्वतः अर्धा वॅट खात असेल तर ११ युनिट. वाचले २८, युनिट १० रुपयांचा धरला तर २८० रुपये. पाचशेच्या सेन्सरला वसूल व्हायला दोन वर्षांच्या आतबाहेर. स्टोअररूममध्ये, जिथे दिवा तसाही दहा मिनिटं लागतो, तिथे सेन्सर उलट वीज वाढवतो. तिथे तो सोयीसाठी लावा, बचतीसाठी नाही.

डब्यावरचा आयपी आकडा म्हणजे धूळ-पाण्यापासूनचं संरक्षण: उघड्यावर आयपी ६५, वळचणीखाली आयपी ४४ चालतो. कोकणात पाणी वरून कमी, वायरीवरून ओघळत जास्त शिरतं. वायर नेहमी खालून आत घ्या आणि शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या. वायरीच्या भोकाला सिलिकॉन लावा, नाहीतर मुंग्या आत संसार थाटतात. लेन्सवर फिरणारी पाल आणि कोळ्याचं जाळं यांनीही मध्यरात्री दिवा लागतो, कोरड्या फडक्याने लेन्स पुसत जा. थिनर अजिबात नको, ती पातळ पॉलिथीनची असते. दिवाळीच्या रंगकामात पेंटर तिच्यावरही हात मारतो. काम सुरू होण्याआधी कागद चिकटवा.

तीन-चार वर्षांनी रिले सारखा टकटक करायला लागला, दिवा लागून लगेच विझायला लागला, तर बहुधा आतल्या पॉवर सप्लायचा पेटीसारखा एक्स२ कपॅसिटर उतरलेला असतो. त्याच्यावर छापलेल्या मूल्याचा आणि २७५ व्होल्ट एसीचा नवा एक्स२ कपॅसिटर काही रुपयांत मिळतो. सोल्डरिंग येणाऱ्या कुणाकडूनही तो बदलून घ्या.