ताठ पाठीच्या आतले विरळ हाड

गेल्या भाद्रपदात, गणपती बसायच्या आदल्या संध्याकाळी, नारायण पेठेतल्या आमच्या घरी माळ्यावरून चौरंग उतरवताना पाठीत मधोमध कळ गेली आणि विसर्जन होऊन गेले तरी ती हटली नाही. चौरंग फार तर चार-पाच किलोंचा असेल. मला एकोणीस वर्षांपासून अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे पाठीचा कणा आखडवणारा संधिवात, असल्यामुळे पाठ दुखण्याचे नवल ना मला वाटले ना घरच्यांना. तीन आठवड्यांनी काढलेल्या एक्स-रेमध्ये मात्र पाठीचा बारावा मणका पुढून पाचरीसारखा दबलेला दिसला. माझे वय ४१ आहे.

ज्याला त्याला सांगावे, तो एकच विचारी, ‘स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होतास का?’ मी त्या कधीच घेतलेल्या नाहीत, आणि या आजारात त्या सहसा देतही नाहीत. हाडे झिजवली ती आजाराने, आणि हे लिहायला बसलो ते एवढ्यासाठीच. आपले हाड आयुष्यभर एकीकडून पोखरले जाते आणि दुसरीकडून भरले जाते. शरीरात दाह धुमसत असला की टीएनएफसारखी दाह पेटवणारी द्रव्ये वाढतात, ती हाड पोखरणाऱ्या पेशींची संख्या वाढवतात आणि भरणाऱ्या पेशी मागे पडतात. त्यात हा आजार बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो, म्हणजे हाडांची आयुष्यभराची पुंजी जमा होण्याच्या ऐन काळात. तुर्की, आर्मेनियन, अरब आणि ज्यू कुटुंबांत पिढीजात आढळणारा एक भूमध्यसागरी ज्वर आहे, त्यातही शरीरात वारंवार दाह उसळतो. त्या रुग्णांमध्ये तर लहान मुलांचीही हाडे विरळ झालेली आढळली आहेत.

माझ्या आजारातली खरी फसगत पुढेच आहे. मणका आतून विरळ होत असताना त्याच्या कडांवर नवे हाड उगवते आणि दोन मणक्यांमध्ये पूल बांधते. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत पाय एका चौकोनी फोमच्या ठोकळ्यावर ठेवून निजवतात आणि कमरेतून आरपार क्ष-किरण सोडतात. वाटेत येणारे सगळे कॅल्शियम यंत्र मोजते. ते मणक्याच्या गाभ्यातले आहे की बाहेरच्या पुलांचे, हे त्याला कळत नाही. माझ्या पहिल्या तपासणीत फक्त कमरेचे मणके मोजले गेले, झेड-स्कोअर, म्हणजे आपल्याच वयाच्या लोकांच्या सरासरीशी केलेली घनतेची तुलना, उणे ०.४ आला आणि ‘हाडे उत्तम आहेत’ असे सांगून मला घरी पाठवण्यात आले. त्या वाक्यावर मी दोन वर्षे निर्धास्त राहिलो, याचे मला आजही वाईट वाटते. मणका दबल्यावर संधिवाताच्या डॉक्टरांनी खुब्यातली मांडीच्या हाडाची मान मोजायला लावली, ती उणे २.४ निघाली. पन्नाशीच्या आतल्या पुरुषाचा झेड-स्कोअर उणे २ किंवा त्याखाली असला की घनता वयाच्या मानाने कमी धरतात. म्हणून ज्यांना हा आजार आहे, त्यांनी खुब्याची तपासणी आवर्जून मागून घ्यावी.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. आत्या गेली कित्येक वर्षे म्हणत आली, ‘अरे, एकदा त्या हाडवैद्याकडे जाऊन ये, पाठ मोडून दिली की मोकळा होशील.’ तिची माया मला कळते, पण आखडलेल्या आणि आतून विरळ झालेल्या कण्याला हिसका बसला तर मणका मोडू शकतो आणि मज्जारज्जूलाही इजा होऊ शकते. अशा कण्याला कुणालाही हिसका देऊ देऊ नये.

आता दाह आवरण्यासाठी टीएनएफ रोखणारे इंजेक्शन सुरू आहे, आणि दाह आवरला की हाडांची घनताही सुधारते असे दिसून आले आहे. हाडांसाठी वेगळे औषध आहे. हिंजवडीच्या वातानुकूलित कचेरीत दिवस काढणाऱ्या माझ्या रक्तात ड जीवनसत्त्व दर मिलिलिटरला जेमतेम १४ नॅनोग्रॅम होते, तेही भरून काढतो आहे. नाचणीची भाकरी आई न सांगता करते.

बाबांना हाच आजार होता, पण त्यांना शेवटपर्यंत ‘वात’ एवढेच सांगितले गेले. त्रेसष्टाव्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुबा मोडला. माझ्या १४ वर्षांच्या मुलात माझ्याकडून एचएलए-बी२७ हे या आजाराशी जोडलेले जनुक उतरण्याची शक्यता निम्मी आहे. ते असणाऱ्या बहुतेकांना आजार होत नाही, म्हणून त्रास नसताना त्याची तपासणी करायची नाही, असे आम्ही डॉक्टरांशी बोलून ठरवले आहे. त्याची पाठ सकाळी उठल्यावर आखडते का, एवढे मात्र मी विचारत असतो.

दर महिन्याच्या एक तारखेला मी टाचा आणि पाठ भिंतीला लावून उभा राहतो, आणि डोक्याची मागची बाजू भिंतीपासून किती दूर राहते ते मुलगा पट्टीने मोजतो. बाबांचे डोके भिंतीपासून वीतभर पुढे असे. माझे अंतर जूनमध्ये तीन सेंटिमीटर होते, आणि या महिन्यातही त्याने वहीत तीनच लिहिले आहे.