हलशी, नंदगड, कणकुंबी: चोर्ला घाटाच्या अलीकडे

बेळगावची मंडळी चोर्ल्याने गोव्याला निघाली की मध्ये थांबतात ती फक्त चहापाण्याला. यंदा थंडीत आम्ही घाट उतरलोच नाही, घाटमाथ्यावरचा खानापूर तालुका फिरलो.

सगळ्यात जास्त वेळ हलशीत गेला, आणि जायलाच हवा. हलशी म्हणजे जुनी पलाशिका. बनवासीच्या कदंब राजघराण्याचे पाचव्या-सहाव्या शतकांतले ताम्रपट इथे सापडले. याच घराण्यातल्या राजा मृगेशवर्म्याने वडिलांच्या स्मरणार्थ इथे जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधलं, तेही त्यांतूनच कळतं. पुढे गोव्याच्या कदंबांनी पलाशिकेला दुसरी राजधानी केलं. घाटाखाली कोकण-९००, घाटावर पलसिगे-१२००० (म्हणजे पलाशिकेचा प्रांत; आकडे हा तेव्हाच्या प्रांतांच्या नावांचाच भाग) असा त्यांचा मुलूख. आज घाटावर राज्य बदलतं, तेव्हा घाट राज्याच्या पोटात होता. आपला हा कोपरा म्हणजे कुणाचं तरी टोक, ही समजूत हलशीत उभं राहिलं की टिकत नाही.

भूवराह-नरसिंह मंदिर बाराव्या शतकातलं. दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकात नरसिंह, दुसऱ्यात पृथ्वीला उचलून धरलेला वराह. मंडपात मधोमध उभं राहा, नुसती मान वळवली की दोन्ही दर्शनं होतात. सकाळीच पोचा आणि टॉर्च न्या, आत अंधार असतो.

वाटेत नंदगड लागतं. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा शूर साथीदार संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी इथेच फाशी दिलं. समाधीपाशी घाई करू नका.

मग खानापूरला परत येऊन जांबोटीमार्गे कणकुंबी. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. हे पाणी पूर्वेला कूडलसंगमापर्यंत जाऊन कृष्णेला मिळतं, आणि याच डोंगरांतली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरून मांडवी होते. उगमापाशी प्लास्टिक टाकू नका, ही हात जोडून विनंती.

स्वतःची गाडी असेल तर उत्तम. एसटीने जाणार असाल तर परतीच्या गाडीची वेळ खानापूर स्टँडवरच विचारून घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात चोर्ल्याला दाट धुकं आणि रानात जळवा. भीमगडच्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. पेट्रोल खानापुरातच भरा, आणि कणकुंबीहून उजेडातच परत फिरा.