घरात माणसं किती?

दुपारी वीज जाते आणि येते. पंखा आपोआप फिरू लागतो, फ्रिज घरघरतो, राउटरचे दिवे लुकलुकतात. कॉम्प्युटर मात्र लॉगिनच्या निळ्या पडद्यापर्यंत येऊन थांबतो. तुम्ही कोण, असं विचारतही नाही. नाव दाखवून नुसता बसून राहतो. त्या नावावर क्लिक केल्याशिवाय गडी पुढे हलत नाही. कालपर्यंत हाच सरळ डेस्कटॉपवर जात होता, आणि मधल्या काळात कोणी काहीच केलेलं नसतं. केलेलं असतं ते एवढंच, की कुठल्याशा नव्या सॉफ्टवेअरने ‘आधी डॉट नेट फ्रेमवर्क टाका’ म्हटलं (इतर सॉफ्टवेअर ज्यावर चालतात तो मायक्रोसॉफ्टचा पाया) आणि कोणीतरी नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश केलं.

ही गोष्ट विंडोज एक्सपीची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या विंडोजची. अजून एक्सपी? असं विचारणाऱ्यांनी एखाद्या लॅबमधल्या किंवा वर्कशॉपमधल्या जुन्या यंत्राला जोडलेला कॉम्प्युटर बघावा. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट बंद केला. पण ज्या यंत्राचं सॉफ्टवेअरच एक्सपीच्या पुढे सरकलं नाही, ते काय करणार? नेटची वायर काढून ठेवायची आणि चालू द्यायचं.

थेट आत जायचं की नाही, याचा एक्सपीचा नियम अगदी साधा आहे. खातं एकच, त्याला पासवर्ड नाही, पाहुण्यांसाठीचं गेस्ट खातं बंद. मग विचारायचं कशाला? विंडोजचं स्वतःचं लपलेलं ॲडमिनिस्ट्रेटर खातं या मोजणीत धरत नाहीत. २००३ मध्ये आलेलं डॉट नेट १.१ बसलं, की ‘एएसपीनेट’ नावाचं एक खातं गुपचूप तयार होतं. कंट्रोल पॅनेलमध्ये युजर अकाउंट्स उघडलं की ते दिसतं : मर्यादित अधिकारांचं, पासवर्ड असलेलं. आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरवर चालणाऱ्या वेबपेजना पूर्ण अधिकार मिळू नयेत, म्हणून ही सोय. हेतू चांगलाच. पण एक्सपी होममध्ये आयआयएस मुळातच नाही, तरी तिथेही हे खातं हजर. रेशनकार्डावर नाव चढलेलं, पण पंगतीला कधी न बसलेलं माणूस! एक्सपी मात्र कार्डावरची नावं मोजतो.

खातं उडवून टाकावं, हा पहिला विचार. उडवता येतं. डॉट नेटवर चालणारी साधी डेस्कटॉप सॉफ्टवेअर त्याच्यावाचून अडत नाहीत. पण त्याच मशीनवर कोणी एएसपी डॉट नेटचं, म्हणजे डॉट नेटवर वेबपेज बनवण्याचं, काम करत असेल, तर त्याची पानं उघडायची बंद होतात. शिवाय डॉट नेट पुन्हा बसवलं की खातं परत येऊ शकतं. त्यापेक्षा त्याला राहू द्यावं आणि एक्सपीला मोजायलाच लावू नये.

स्टार्ट, मग रन. तिथे ‘कंट्रोल’, एक जागा सोडून ‘युजरपासवर्ड्स’, आणि त्याला चिकटून इंग्रजी दोनचा आकडा. नेहमीच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ही खिडकी सापडत नाही. आधी यादीतल्या आपल्या नावाची ओळ निवडायची, आणि मगच वरची ‘युजर्स मस्ट एंटर अ युजर नेम अँड पासवर्ड’वाली टिक काढायची. उलट क्रमाने केलं तर यादी करडी पडते आणि नाव हाताने टाइप करावं लागतं. ओके म्हटलं की पासवर्ड दोनदा मागितला जातो. पासवर्ड नसेल तर दोन्ही रकाने कोरे सोडायचे.

फसगत होते ती इथे. ही खिडकी दोन रकाने एकसारखे आहेत एवढंच पाहते, पासवर्ड खरा आहे का ते तपासत नाही. चूक कळते ती पुढच्या वेळी मशीन चालू झाल्यावर. दुसरा घोळ नावाचा. कंट्रोल पॅनेलमधून खात्याचं नाव बदललं, की बदलतं ते फक्त दिसणारं नाव. लॉगिनचं नाव जुनंच राहतं. ‘ओनर’चा ‘बाबा’ झाला असला, तरी इथे ओनरच लिहावं लागतं. आणि पुढे कधी पासवर्ड बदलला, तर हा सगळा खटाटोप नव्याने.

काही जण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या कोठारात, शिरतात. विनलॉगऑनच्या किल्लीखाली ऑटोॲडमिनलॉगऑन १ करायचं (स्ट्रिंग म्हणून), आणि डिफॉल्टयुजरनेम व डिफॉल्टपासवर्ड भरायचे. चालतं. पण तो पासवर्ड तिथे उघडा, वाचता येईल असा पडून राहतो. वरच्या खिडकीतून केलं तर तो निदान एन्क्रिप्ट होऊन साठतो. एवढा सरळ रस्ता असताना रजिस्ट्रीत हात घालण्याची हौस मला कधी कळली नाही.

पासवर्ड मात्र ठेवावा, या मताचा मी आहे. आपोआप लॉगिन व्हायला त्याची आडकाठी नाही. उलट कोऱ्या पासवर्डचं खातं एक्सपी फक्त त्याच मशीनसमोर बसून वापरू देतो, त्या खात्याने नेटवर्कवरून आत येता येत नाही. शेजारच्या टेबलावरून प्रिंटर मिळत नाही याचं कारण कधीकधी हेच असतं, आणि लोक केबल बदलत बसतात.

दुसऱ्या खात्यात जायचं असेल, तर सुरू होताना शिफ्ट दाबून धरावी, मशीन थांबतं. स्टँडबायमधून उठल्यावर पासवर्ड मागत असेल, तर तो प्रकार वेगळा. त्याची टिक पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड टॅबवर असते. आणि वीज आल्यावर मशीनने स्वतःहून चालू व्हावं असं वाटत असेल, तर बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एसी पॉवर परत आल्यावर काय करायचं ते ठरवून द्यावं लागतं. आपोआप चालू होणं आणि आपोआप लॉगिन, दोन्ही जमलं, की रोजचं सॉफ्टवेअर स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकून मोकळं व्हायचं.

विंडोज १० आणि ११ मध्ये तीच खिडकी ‘नेटप्लविझ’ या नावाने उघडते (एन, ई, टी, पी, एल, डब्ल्यू, आय, झेड). ती टिकची चौकट मात्र अनेकदा गायब असते. सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्समध्ये ‘फक्त विंडोज हॅलो’ (चेहरा, बोट किंवा पिनने आत जायची सोय) हा पर्याय बंद केला, की चौकट परत दिसते. तिथे पिन नव्हे, मायक्रोसॉफ्ट खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो, आणि तो कोणालाच आठवत नाही. पण त्याला इलाज माझ्याकडे नाही.