लॅमिंग्टन रोड आणि २५ हजारांचं गणित

जुन्या कॉम्प्युटरचे भाग बदलायला आज धाकट्या भावाला घेऊन मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड, पालथा घातला. बजेट २५ हजार, साहेबांच्या अपेक्षा लाखाच्या!

एक दुकानदार म्हणे, मदरबोर्ड-रॅम सगळंच बदला. का म्हणून? आमच्या २०१८ सालच्या बी४५० बोर्डावर रायझन ५ ५६०० प्रोसेसर मस्त बसतो, डीडीआर४ रॅमही तीच चालते. फक्त जुना प्रोसेसर काढायच्या आधी बायोस (बोर्डातलं कॉम्प्युटर सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करायचं, नाहीतर नुसता काळा स्क्रीन बघत बसा.

पण गेम्सची खरी मजा ग्राफिक्स कार्डात, त्यामुळे आधी तेच. आरएक्स ६६०० वर नजर आहे: ८ जीबी मेमरी, वीज १३२ वॅट, आमचा ४५० वॅटचा पॉवर सप्लाय पुरतो. प्रोसेसर दिवाळीनंतर.

"आणि आरजीबी फॅन?" भावाला रंगीत दिव्यांचे पंखे हवेत. म्हटलं, आकाशकंदील लावू कॅबिनेटवर. तेव्हापासून अबोला आहे. मॉनिटर जुनाच राहणार, हे अजून सांगायचंय.