आमची वाटचाल : काच, सिलिकॉन आणि एक 'गरीब' टॅरेंटुला

नागपूरच्या सक्करदऱ्यातलं आमचं दुकान मुळात माशांच्या टाक्यांचं. मामांच्या हातात ग्लास कटर, माझ्या हातात सिलिकॉनची गन, एवढीच भागीदारी. मामा कटरचं चाक रॉकेलात बुडवून काचेवर एकच रेघ ओढत. त्याच रेघेवर दुसऱ्यांदा फिरवलं की काच वाकडी तुटते आणि चाकही बोथट होतं. हे ज्याला शिकायचं नाही त्यानं या धंद्यात पडू नये. पहिली बारा वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

धंतोलीच्या एक मॅडम, निवृत्त शिक्षिका, आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून चिली रोझ, म्हणजे पाळायचा मोठा केसाळ कोळी, टॅरेंटुला, मागवली. नाव घेत नाही, लाइनमधले ओळखतील. जाहिरातीत तळहातावर बसलेली मादी, 'स्वभावानं एकदम गरीब, वीस वर्षं जगते'. टाकी मी केली, आणि केली माशांच्याच हिशोबानं : दोन फूट उंच, वर बारीक लोखंडी जाळी. दिसायला झकास.

ऐन नवतप्यात, मे अखेरच्या कडक उन्हात, ट्रॅव्हल्सच्या बसनं डबा आला. बाई गरीब होती खरी, पण रात्रभर चालायची. पाचव्या दिवशी सकाळी जाळीच्या खाली पडलेली सापडली, पोट फुटून. नखं जाळीत अडकली, सुटायच्या धडपडीत दोन फुटांवरून पडली. टॅरेंटुलाचं पोट म्हणजे पाण्याचा फुगा, उंचावरून पडली की संपलीच.

विक्रेत्यानं आमच्या टाकीचे फोटो सगळ्या ग्रुपवर फिरवले. 'नागपूरच्या टाक्या जीव घेतात.' महिनाभरात अकरा ऑर्डरी रद्द. पाच मिलिमीटरची काच भिंतीला टेकून धूळ खात राहिली. मामांनी लुना विकून दुकानाचं भाडं भरलं.

जाळीची चूक माझीच, ती मी मॅडमना त्याच दिवशी सांगितली. पण मामा मेलेल्या कोळ्याकडे बघत बसले होते. "दोष जाळीचा आहे बापा, पण हे चढलं कायले?" भिंग आणलं. तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांची टोकं बॉक्सिंगचे हातमोजे घातल्यासारखी फुगलेली, पुढच्या पायांवर आकडे. म्हणजे पूर्ण वाढलेला नर! असा नर मादी शोधत रात्रभर भटकतो आणि फार तर वर्ष-दोन वर्षं जगतो. वीस वर्षांच्या भावात म्हातारा नवरदेव विकला होता. याचे फोटो मात्र कुठल्याच ग्रुपवर फिरले नाहीत.

मॅडम आठवड्यानं आल्या, पर्समधून ॲडव्हान्स काढला. "झाकण बदल. दुसरी आणते मी, ओळखीच्या ब्रीडरकडून."

तेव्हापासून आमची टाकी बुटकी. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) इतकं भरायचं की वरून पडायला तिच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त जागा उरू नये. झाकण ॲक्रिलिकचं, ड्रिलनं भोकं पाडलेलं. सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत आत जीव सोडायचा नाही. आणि घेणाऱ्यांनो, तळहातावरच्या फोटोला भुलू नका, ही हातात खेळवायची वस्तू नाही. चिली रोझही चिडली की पोटावरचे केस उडवते, डोळ्यात गेले तर डॉक्टर गाठावा लागतो. कागद मागा. मेक्सिकन रेड नी हा टॅरेंटुला साइट्सच्या, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहे, वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशांची नोंदणी लागते.

दुसरी आली त्याला काही महिने झाले आणि रात्री अकराला मॅडमचा फोन. "उताणी पडली रे, गेली वाटतं." म्हटलं, हात लावू नका, कात टाकतेय. खायला सोडलेला रातकिडा आधी बाहेर काढा, नाहीतर तोच तिला कुरतडेल.

चार दिवसांनी मॅडम काडेपेटीत कात घेऊन आल्या. मामांनी साबणाच्या पाण्यात ती भिजवली, सुईनं पोटाकडची बाजू उलगडली आणि भिंग डोळ्याला लावलं. मॅडम काउंटरला धरून उभ्या.

"मादी आहे," मामा म्हणाले.