शेवटच्या वर्षाची फिल्म: 75 सेकंदांचा हिशेब

ॲनिमेशनच्या फायनल प्रोजेक्टसाठी विषय घेतला नाशिकच्या भांडी बाजारातला: तांब्याचा हंडा ठोकणारा कारागीर. एक माणूस, एक जागा, संवाद नाहीत. लिपसिंकचं, म्हणजे ओठ शब्दांशी जुळवायचं काम वाचलं आणि टाइमिंग आयतं ठोक्यांवर बसवता आलं.

पहिली पटकथा तीन मिनिटांची होती. सेकंदाला 24 फ्रेम. 'टूज'वर, म्हणजे दोन फ्रेमना एक चित्र धरलं, तरी सेकंदाला 12 चित्रं. तीन मिनिटांची झाली 2160. रफ (कच्चं रेखाटन), क्लीनअप (स्वच्छ रेघ), रंग सगळं धरून माझ्या हातून दिवसाला पंधराच्या वर निघत नाहीत. म्हणजे 144 दिवस, आणि हातात चार महिने, त्यातच व्हायवा. फिल्म 75 सेकंदांवर आणली. चित्रं 900, त्यातली जवळपास निम्मी होल्डमध्ये, म्हणजे एकच चित्र धरून ठेवल्याने वाचली. उरलेल्या साडेचारशेला हिशेबाने 30 दिवस. वेळापत्रकात मी 42 लिहिले.

ही काटछाट ॲनिमॅटिकवर करायची. स्टोरीबोर्डची चित्रं कच्च्या आवाजावर लावून पाहिली की कुठला शॉट रेंगाळतोय ते लगेच कळतं. ॲनिमेशन झाल्यावर शॉट कापायचा म्हणजे आठवडा पाण्यात.

बाजारातला आवाज मोबाइलवर घेतला तर ठोक्यापेक्षा हॉर्नच जास्त आले. सकाळी दुकानं उघडण्याच्या सुमारास फक्त गल्लीचा आवाज घेतला आणि ठोके घरच्या तांब्यावर वेगळे वाजवून रेकॉर्ड केले.

सगळ्यात जास्त वेळ गेला एका ठोक्यावर. हातोडी वर जायला 6 फ्रेम, वर 4 फ्रेम थांबा, खाली यायला फक्त 2. या दोन 'वन्स'वर, म्हणजे दर फ्रेमला नवं चित्र: पहिलीत हातोडी वेग दाखवायला लांब ओढलेली (स्मिअर), दुसरीत थेट तांब्याला टेकलेली. मग 4 फ्रेम हलकी उसळी. आधी मी खाली येताना नेमकी अर्ध्यावरची दोन इनबिटवीन (मधली चित्रं) घातली होती, आणि हातोडी पिसासारखी उतरत होती. वरचा थांबाही ठार स्थिर ठेवला तर माणूस फोटो वाटतो. खांदा कणभर वर सरकत राहिला पाहिजे. आवाज टेकण्याच्या फ्रेमवरच लावायचा. एखादी फ्रेम मागे राहिला तर चालून जातं, पुढे गेला तर डोळ्याला लगेच खटकतं.

हंड्याचा काठ हाताने काढला की प्रत्येक चित्रात लंबवर्तुळ थोडं बदलतं आणि काठ थरथरतो. म्हणून हंडा ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडीत केला आणि माणूस तिथेच ग्रीस पेन्सिलने, म्हणजे त्यातल्या टूडी चित्रं काढायच्या साधनाने काढला. यात नवा घोळ: कॅमेरा दर फ्रेमला सरकतो, माणूस दोन फ्रेमला एकदा, त्यामुळे तो पार्श्वभूमीवर अडखळत घसरतो. सहापैकी चार शॉटमध्ये कॅमेरा स्थिर केला, उरलेल्या दोनांत माणूस 'वन्स'वर काढला.

सायकल्समध्ये (ब्लेंडरचं रेंडर इंजिन, अंतिम चित्र तयार करणारं) तांब्याच्या चकाकीने फ्रेमला दोन मिनिटं घेतली. 1800 फ्रेमचे 60 तास. सॅम्पल (दर पिक्सेलची प्रकाशाची गणना) कमी करून डीनॉइझर (चित्रातले दाणे पुसणारं साधन) लावला तर चकाकी लुकलुकायला लागली. ईव्ही या ब्लेंडरच्याच वेगवान इंजिनवर आणलं: फ्रेमला 20 सेकंद, एकूण 10 तास. रेंडर थेट एमपी4 मध्ये करू नका. वीज गेली की अर्धवट फाइल बहुतेक वेळा उघडतच नाही. पीएनजी सिक्वेन्स, म्हणजे दर फ्रेमची वेगळी चित्रफाइल असली की जिथे थांबलं तिथून पुढे. (दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, त्यांनी 1915 मध्ये आगकाड्या फ्रेमगणिक सरकवून नाचवल्या. साधनांची सबब नाशिककराला शोभत नाही.)

नोकरीचा विचार विषय निवडतानाच करायला हवा. मला कॅरेक्टर ॲनिमेशन करायचंय, म्हणून रिगिंग (मॉडेलला हलवण्यासाठी सांगाडा बसवणं) आणि टेक्सचरवर (पृष्ठभागाचा रंग-पोत) जीव काढला नाही. मॉडेलिंगला जाणाऱ्याने याच हंड्याचं टर्नटेबल (गोल फिरवून दाखवणं) आणि वायरफ्रेम (मॉडेलची रेषांची जाळी) दाखवावं. नाशिकमध्ये कामं मिळतात ती जास्त करून बिल्डरचे वॉकथ्रू (इमारतीत फिरवून आणणारे व्हिडिओ) आणि दुकानांच्या जाहिराती. स्टुडिओसाठी पुणे-मुंबईच गाठावी लागते. व्हीएफएक्सची (चित्रपटातले दृश्य-परिणाम) सुरुवात बहुधा रोटो-पेंटपासून, म्हणजे फ्रेमगणिक आकृती कापणं आणि नको ते पुसणं यापासून होते. ती नाकारू नये, पण कॅरेक्टरचा सराव चालू ठेवावा.

शोरील, म्हणजे नोकरीसाठी दाखवायची निवडक कामांची फीत, 45 सेकंदांची केली. पहिल्या पाच सेकंदांत तो ठोका, मागे पार्श्वसंगीत नाही, कारण बघणारे बहुधा आवाज बंद ठेवूनच बघतात. ग्रुपमध्ये केलेल्या शॉटवर माझा भाग कोणता ते कोपऱ्यात लिहिलं. नाव आणि फोन नंबर सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे.